आधी चूल, मग फळा : घरशाळेचं एक प्रकरण

घर यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १४ किलोमीटर आत. साडेपाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर आणि घरापुरती ज्वारी. माणसं पाच : आई, बाबा, १२ वर्षांची थोरली, ९ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची धाकटी. घर ख्रिस्ती, दर रविवारी तालुक्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला जाणारं. यवतमाळला १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था होती. पुढे ती पुण्याला गेली, पण त्या काळातली जुनी मराठी पुस्तकं आजोबांच्या ट्रंकेत अजून आहेत. या प्रकरणात ती ट्रंक पुन्हा येईल.

थोरली गावातच पाचवी झाली. सहावीचं वर्ष तालुक्याच्या एसटीमागे धावण्यात गेलं आणि पावसाळ्यात नाला चढला की तेवढंही नाही. मुलगा तिसरी पार झालेला, पण वाचताना अडखळायचा. आई डी.एड., नोकरी नाही. मुलांची वाढ प्रार्थनेच्या वातावरणात व्हावी ही दोघांची इच्छा जुनीच होती, एसटीने फक्त निमित्त दिलं. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्याच आठवड्यात मुलांना घरीच शिकवायचं ठरवून घरातला फळा भिंतीला लागला. दिवाळीला थोरली म्हणाली, "माय, मले एसटीनंच जाऊ दे."

मोडलं कुठे

आईने वेळापत्रक डी.एड.च्या सवयीने आखलं होतं. पहाटे सहाला ४० मिनिटांची उपासना, मग ९ ते साडेतीन ३५-३५ मिनिटांच्या तासिका, मध्ये अर्धा तास सुट्टी. कागदावर बघितलं तर खोट काढायला जागा नाही. दिवाळीनंतर तिने एक शहाणपणाचं काम केलं : दहा दिवस दर अर्ध्या तासाला घरात खरं काय चाललंय ते वहीत टिपलं. साडेसहा तासांच्या शाळेत मुलाचा अभ्यास भरला सरासरी १ तास ५० मिनिटं. उरलेला वेळ भांडणात किंवा आळसात गेला नव्हता, तो चुलीत गेला होता. साडेसातला पोहे, अकराला बाबांचा डबा शेतावर, एकला मुलांसाठी ताजा भात, चारला चहाबरोबर काहीतरी. चार वेळा चूल पेटायची आणि प्रत्येक वेळी शिक्षिका वर्ग सोडून जायची. ती उठली की मुलगा उठायचा. त्याला परत बसवेपर्यंत धाकटीला भूक लागलेली असायची.

घरशाळेचा विचार करणाऱ्या बहुतेक घरांचा हा हिशेब चुकतो. शाळा मुलांना शिकवते तशी दुपारी जेवूही घालते. पोषण आहाराचं प्रमाण पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं आहे, आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. दोन मुलं घरी बसली की ते शिजवणं घरावर येतं. शिजवणारी आणि शिकवणारी बाई एकच असेल तर वेळापत्रक फळ्यापासून आखून चालत नाही. चूल किती वाजता पेटणार आणि किती वाजता विझणार हे आधी ठरवायचं, शाळा उरलेल्या जागेत बसवायची.

जागा पुरते का? पुरते. शिक्षण हक्क कायद्याने शाळांना घालून दिलेलं मान पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे रोजचे चार ते साडेचार तास, तेही भरलेल्या वर्गात, जिथे हजेरी, रांगा आणि गोंगाट त्यातच येतो. तीन मुलांच्या घरात अडीच तास सलग, कोणी न उठता मिळाले, तर प्राथमिकचं काम होतं. सलग मिळाले तरच.

चूल

नवीन पद्धतीत आग दिवसातून दोनदा : पहाटे सव्वापाच ते पावणेसात आणि संध्याकाळी पाऊण तास. दुपारी आग नाही. हे जमायला भाकर सुधारावी लागली, कारण पहाटेचा सगळा वेळ तिथेच अडकत होता. बारा भाकरींना आईला एक तास वीस मिनिटं लागत आणि कडा फाटलेल्याच निघत.

कारण पिठात होतं. महिन्याची २५ किलो ज्वारी एकदम दळून आणायची पद्धत होती. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेन नसतो. भाकर धरून ठेवतो तो गरम पाण्याने फुगलेला पिष्टाचा चिकटपणा. दळलेलं पीठ जुनं होत जातं तशी ही चिकटी जाते, आणि विदर्भातल्या उकाड्यात तर लवकरच जाते. तिसऱ्या आठवड्यात कितीही मळा, भाकर थापताना फाटणारच. आता दर शनिवारी ८ किलोच दळतात. एका भाकरीला सुमारे १०० ग्रॅम पीठ, दिवसाच्या १२ भाकरी, सहा दिवसांचे ७ किलो २०० ग्रॅम, उरलेलं परातीत भुरभुरायला. रविवारी भात. हा हिशेब मुलाकडूनच करून घेतला. पहिल्यांदा त्याने सात दिवस धरले आणि पीठ कमी पडतंय म्हणून ओरडला. मग रविवार त्याच्या लक्षात आला.

पाणीही बदललं. कोमट नको, उकळतं आधणच हवं. १०० ग्रॅम पिठाला ९० ते १०० मिली पाणी, तेही एकदम नाही. आधी उलथण्याने कालवायचं, हात लावता येईल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडायचं. बारा भाकरींचं पीठ एकदम मळू नये, शेवटच्या चार कोरड्या पडतात. दोन-दोनचा गोळा पुरे. तव्यावर टाकताच वरच्या अंगाला पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. पाणी उशिरा लागलं तर वर पापडी धरते आणि तडा जातो. तवा नीट तापला नसेल तर भाकर निखाऱ्यावर फुगत नाही. आता बारा भाकरींना ४५ मिनिटं लागतात.

चुलीवर तवा असताना गॅसवर कुकर : तुरीची डाळ २०० ग्रॅम, पाणी ६०० मिली, हळद, चमचाभर तेल, मीठ शिजल्यावर. चार शिट्या. डाळ रात्रभर भिजत टाकायची नाही, एप्रिल-मेमध्ये ती सकाळपर्यंत आंबते. अर्धा तास पुरतो. निम्मं वरण दुपारपर्यंत पातळ करून, निम्मं घट्ट राखून संध्याकाळी लसूण-मिरचीच्या फोडणीला. उन्हाळ्यात राखलेलं वरण दुपारी एकदा उकळून घ्यावं लागतं, आग नाही या नियमाला तेवढाच अपवाद. पाच जणांत २०० ग्रॅम म्हणजे दोन्ही वेळचं मिळून माणशी ४० ग्रॅम डाळ. दुपारच्या ताटात गार भाकर, वरण, कांदा, जवसाची किंवा फल्लीदाण्याची चटणी, असलं तर ताक. बाबांचा डबाही हाच, सातला निघतानाच सोबत. सकाळचे पोहे गेले, त्या जागी भाकर-चटणी आणि चहा. मुलं पहिले आठ दिवस कुरकुरली, नंतर विसरली.

एक दिवस मात्र दुपारी आग पेटते. बुधवारी गोळाभात असतो आणि तो थोरलीचा धडा आहे. पाच जणांना तांदूळ ४०० ग्रॅम. गोळ्यांना चण्याच्या डाळीचा भरडा २५० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे, तिखट १ लहान चमचा, हळद अर्धा, जिरं, हिंग, मीठ सव्वा चमचा. तेल भरड्याला चोळून मग पाणी, पाच-सहा चमच्यांवर नाही. लिंबाएवढे १४-१५ गोळे होतात. भात अर्धा शिजून पाणी तांदळाच्या पातळीला आलं की गोळे वर ठेवायचे, झाकण, मंद आग, १५ ते १८ मिनिटं. गोळे फुटले तर एक तर पाणी जास्त झालं किंवा भात अजून खळखळत असताना ते टाकले. दगडासारखे झाले तर भरड्याऐवजी बारीक बेसन वापरलं. मधून कच्चे राहिले तर भात पुढे गेल्यावर टाकले. वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची गरम तेलाची फोडणी, सोबत कढी, कढीवर सांभार, म्हणजे कोथिंबीर.

थोरलीने तिन्ही चुका एकेका बुधवारी केल्या आणि वहीत कारण लिहिलं. अपूर्णांक तिला फळ्यावर तीन महिने कळले नव्हते. २५० ग्रॅमचा भरडा तीन जणांपुरता करायचा तर किती, हे तिने वजनकाट्यावर केलं आणि पाचातले तीन म्हणजे काय ते तिथे उमगलं. पण इथे गणित संपत नाही. वजनकाट्यावर कळलेलं त्याच दिवशी वहीत, चिन्हांत उतरवलं नाही तर पेपरात ते कामाला येत नाही. "स्वयंपाकातूनच सगळं गणित" असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

धडा की बिगारी

थोरली बारा वर्षांची, मुलगी आहे, आणि घरात आहे. विदर्भातल्या कोणत्याही गावात या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या चार महिन्यांत तिच्याकडे धाकटीची वेणी, पाणी भरणं, भांडी आणि दुपारचा भात आला होता. वहीतल्या नोंदींत मुलाचा अभ्यास १ तास ५० मिनिटं होता, तेव्हा तिचा फक्त ५५ मिनिटं. एसटीने जाऊ दे, असं ती का म्हणाली ते या दोन आकड्यांत आहे.

घरातल्या कामाला शिक्षण म्हणायचं असेल तर एक साधी कसोटी लावावी : त्या कामात या आठवड्यात ती काही नवीन शिकली का? पहिला गोळाभात धडा असतो, विसावा नसतो. आता ठरलंय असं, की बुधवार सोडला तर सकाळच्या अडीच तासांत थोरलीला कोणी कामाला हाक मारायची नाही. भांडी मुलगा आणि ती आलटून-पालटून. बारा भाकरींतल्या शेवटच्या दोन मुलगा थापतो. त्या वाकड्या होतात आणि नियमाने बाबांच्या डब्यात जातात.

उपासना

पहाटेची ४० मिनिटांची उपासना हा दुसरा अडथळा. हेतू चांगला होता, वेळ चुकीची होती. बाबांचं मन शेताकडे, आईचं तव्याकडे, मुलं पेंगलेली. त्यात एक वाईट सवय शिरली : मोठ्याने प्रार्थना करताना मुलांच्या कालच्या चुकांची यादी यायची. "प्रभू, याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे" हे डोळे मिटून ऐकणाऱ्या पोराला प्रार्थना वाटत नाही, चारचौघांत झालेली तक्रार वाटते. मुलाने प्रार्थनेच्या वेळी पोट दुखतं म्हणायला सुरुवात केली ती तेव्हाच.

आता पहाटे चुलीपाशी फक्त एक स्तोत्र, पाच मिनिटं, जो जागा असेल त्याने वाचायचं. खरी कौटुंबिक उपासना संध्याकाळी पावणेआठला, जेवणाआधी, २० मिनिटं : 'उपासना संगीत'मधलं एक गीत, शुभवर्तमानातल्या दहा-बारा ओळी, कोणीतरी एकाने ते आपल्या बोलीत परत सांगायचं, आणि एकाने प्रार्थना. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली कारण चारांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं. बायबलातल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे एक, असा प्रयोग थोरली एकटीने करते. मुलांच्या चुका उपासनेत काढायच्या नाहीत, त्या बाहेर ओट्यावर बोलायच्या. वीज गेली तर गीत पाठ असलेलंच निवडायचं. जेवण उपासनेनंतर ठेवल्याचा फायदा असा की उपासना लांबत नाही.

रविवारी मंडळीतून परतायला दोन वाजतात. आधी आल्यावर कोंबडी शिजायची, जेवायला चार, आणि शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकलेलं सगळं भुकेत विरून जायचं. आता शनिवारी रात्री आलू-वांगी धुऊन तयार, रविवारी परतल्यावर वीस मिनिटांत आलूभात, कोंबडी रात्री.

तीन मराठी

मुलाच्या वाचनाचं प्रकरण सगळ्यात उशिरा उघडकीस आलं, आणि त्याला कारण त्याचं चांगलं पाठांतर. तेविसावं स्तोत्र पुस्तक समोर धरून तो घडाघडा म्हणायचा. आईला वाटायचं, वाचतोय. एका संध्याकाळी न वाचलेला अध्याय उघडला आणि 'सामर्थ्य' या शब्दावर तो थांबला तो थांबलाच. बोट र्थ्य वर, डोळे आईकडे. रफार आणि तीन अक्षरांचं जोडाक्षर एकत्र आलं की तो अंदाजाने शब्द म्हणतो, हे त्या दिवशी कळलं. पाठांतर करणाऱ्या कोणत्याही घरात, मग ते स्तोत्र असो की हरिपाठ, वाचन तपासायचं तर अनोळखी मजकुरावरच तपासावं.

शिवाय त्याच्या वाट्याला तीन मराठी होत्या. घरात वऱ्हाडी वळणाची, बालभारतीत प्रमाण, आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, ग्रांथिक. ट्रंकेतल्या जुन्या पुस्तकांतली तर आणखी जुनी. आई सुरुवातीला ट्रंकेतलीच पुस्तकं वाचायला देत होती, श्रद्धेपोटी आणि काटकसरीपोटीही. शिकणाऱ्या वाचकाला हे जड जातं : अक्षर फोडायचं आणि न ऐकलेला शब्दही ओळखायचा, अशी दोन कामं एकदम पडतात. क्रम उलटा केला. वाचायला बालभारतीची दुसरीची पुस्तकं, जी ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. पानं तालुक्याला छापून आणली. शास्त्र फक्त ऐकायला आणि वऱ्हाडीत परत सांगायला. रोज १५ मिनिटं, त्यातली पाच केवळ रफाराचे शब्द : सूर्य, वर्ग, कार्य, तीर्थ, मग सामर्थ्य. चार महिन्यांनी तो अनोळखी पान अडखळत का होईना, न अंदाज बांधता वाचू लागला. ट्रंक बंद आहे, दोन वर्षांनी उघडेल.

वर्षाचा आकार

मार्चच्या मध्यापासून सगळं तासभर अलीकडे येतं आणि अभ्यास दहाच्या आत संपतो. मे बंद, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर टिनाखाली कोणी शिकत नाही. नोव्हेंबरात कापूस वेचणीला आईही जाते, तेव्हा फक्त एक तास : वाचन आणि गणित. १५ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी, कारण नाताळचा फराळ, गीतांचा सराव आणि वेचणी एकाच वेळी येतात. एवढं वजा करूनही साधारण २०० दिवस भरतात.

गावाचं काय, हा प्रश्न राहतो. शाळाबाह्य मुलांची नोंद घ्यायला शिक्षक घरी आले तेव्हा आई आधी घाबरली, मग वह्या दाखवल्या. भांडण झालं नाही. वागायचं ते असंच. मुलं रोज साडेपाचला गावातल्या पोरांबरोबर खेळायला जातात, हे वेळापत्रकात लिहिलेलं आहे, नाहीतर तेच पहिलं सुटतं.

कागद

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेला वेगळी मान्यता दिलेली नाही, म्हणून परतीची वाट उघडी ठेवणं महत्त्वाचं. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला कधीही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दहावीसाठी दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म : वय १४ पूर्ण, किमान पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला. थोरलीकडे तिन्हींतलं वय सोडून सगळं आहे. मुलाकडे पाचवी नाही, म्हणून त्याला १० वर्षं पूर्ण झाल्यावर राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा द्यावी लागेल. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची : तीही १४ व्या वर्षी, मराठी माध्यमात, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, विषय सुटा-सुटा काढता येतो. कापसाच्या घराला ही दुसरी वाट सोयीची, कारण एक परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते आणि शेतात तेव्हा काही नसतं. बाबांचा कल मात्र १७ नंबरकडे, गावात तोच ओळखीचा.

दाखला मूळ प्रत, गुणपत्रक, आधार, जन्मदाखला हे सगळं पत्र्याच्या डब्यात, धान्याच्या कोठीवर. आधी ते चुलीमागच्या फळीवर होतं. मुलाचा तिसरीचा दाखला धुराने पिवळा पडलाय आणि शिक्का पुसट झालाय. दुसरी प्रत काढायला शाळेत अर्ज द्यायचाय.